मनकर्णेची आदर्श विहीर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला मंगळवारी, पण कडूबाईला तो कळला बुधवारी. मंगळवारभर हिंगणटेकात तिच्याशी कुणी धड बोललंच नाही. गावाची ही जुनी पद्धत. कुणाचं बरं झालं की पहिला दिवस त्याच्याशी अबोला धरायचा आणि दुसऱ्या दिवशी मागायला जायचं.

बुधवारी सकाळी शेजारचा पुंजाराम दोन रिकामे हंडे घेऊन दारात उभा राहिला. कडूबाई गोवऱ्या थापत होती.

"वहिनी, लई दिवस लपवलंत."

"काय लपवलं?"

"पानी. गावातल्या तेरा हिरी घान निघाल्या अन् तुमची तेवढी पेयाजोगी. सरकारचा कागद हाय. माज्या नावापुढं लाल शाई, तुमच्यापुढं हिरवी."

कडूबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं.

तिच्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे ही बातमी तिच्या म्हशीला सांगितली असती तर म्हैस हसली असती. गेली नऊ वर्षं त्या म्हशीनं त्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. पाण्याचा रंग कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यासारखा, वर तेलाचा तवंग, आणि वास असा की त्या पाण्यात धुतलेल्या लुगड्याला पेटीत डांबरगोळी लागत नसे.

हे आलं कुठून ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भिंगार मागं टाकून पाथर्डीच्या रस्त्यानं निघालं की हिंगणटेकाच्या अलीकडं माळावर एक पडकं धुराडं दिसतं. तिथं कापडाच्या रंगाची पावडर करायचा कारखाना होता. सोळा वर्षं चालला. जे विकण्यासारखं होतं ते मालकानं विकलं, जे विकण्यासारखं नव्हतं ते मागच्या खड्ड्यात ओतलं, आणि खड्डा भरला तेव्हा कुलूप लावून मालक परदेशी लेकीकडं राहायला गेला. खड्डा गावाला ठेवून गेला. पण खड्डाही एका जागी राहीना. दर पावसाळ्यात तो थोडा थोडा मुरमातून उताराला निघाला, आणि उताराला त्याला पहिली भेटली ती कडूबाईची विहीर.

विहीर खरं तर तिच्या सासूची. बहात्तरच्या दुष्काळात मनकर्णाबाईनं उभं राहून खांदून घेतलेली. अजूनही गाव तिला मनकर्णेची हीर म्हणतं. तिचं पाणी एके काळी गोड होतं. मनकर्णा कधीच नव्हती.

पुढं कुणीतरी कोर्टात गेलं, बऱ्याच तारखांनंतर हुकूम झाला, आणि यंदा फेब्रुवारीत साफसफाई सुरू झाली. काम पुण्याच्या शुचिर्भूत एन्व्हायरो नावाच्या कंपनीला मिळालं. पांढरे झगे घातलेली, तोंडाला मुसकं बांधलेली माणसं आली. खड्ड्यातली माती त्यांनी हलक्या हातानं उचलली, जाड पिशव्यांत भरली, पिशव्यांवर नंबर घातले, वर ताडपत्री पांघरली आणि कुठल्याशा लांबच्या पक्क्या खड्ड्यात नेऊन ठेवायला वेळेवर ट्रक लावले. गावात बाळंतीण अडली तर गाडी यायला दोन तास लागत.

"एवढा मान जावयाला न्हाई," कडूबाईचा नवरा कानिफनाथ बांधावर बसून म्हणायचा. "फुडल्या जन्मी मातीच व्हावं. ती बी घान."

मातीनंतर पाण्याची पाळी. ज्या विहिरी घाण ठरतील त्यांवर पंप बसणार, पाणी उपसून कोळशाच्या मोठाल्या टाक्यांतून गाळणार, आणि नितळ येईपर्यंत हे वर्षानुवर्षं चालणार. ज्या विहिरी स्वच्छ ठरतील त्यांना कुणी हात लावणार नाही. चांगल्या पोराला शिकवणी कशाला, असा हिशेब.

आणि चौदा विहिरींत चांगलं पोर निघालं ते हे.

कडूबाईला त्याचं कारण ठाऊक होतं. जगात ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

एप्रिलच्या मध्यावर दीपा नावाची मुलगी पाण्याचे नमुने घ्यायला आली होती. भिंगारची पोर, वडील भीमराज लष्कराच्या छावणीत कामाला. कंपनीत लागून दहा महिने झालेले. खांद्यावर बर्फाची पेटी, पेटीत तपकिरी बाटल्या, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. सकाळपासून तेरा विहिरी ओढून झाल्या होत्या आणि चौदाव्या विहिरीला ती आली तेव्हा उन्हानं तिचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता.

"बस लिंबाखाली. दे ती बाटली, मी भरून आनते."

"नको मावशी, मलाच भरावी लागते. नियम आहे."

"नियम पंख्याखाली बसून केल्यात. दे."

दीपा बसली. बसली म्हणण्यापेक्षा लिंबानं तिला धरलं. कडूबाई बाटली घेऊन विहिरीवर गेली, पोहरा सोडला, वर ओढला आणि आत पाहिलं. मग बाटलीकडं पाहिलं. बाटली कशी देवघरात ठेवावी अशी स्वच्छ होती, आणि तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: कडूबाई कानिफनाथ.

हे असलं पाणी, आपल्या नावानं, पुण्याला जाणार. तिथं शिकलेली माणसं ते नाकाला लावणार आणि म्हणणार, कोण ही बाई.

कडूबाईनं तीस हंगाम ऊस तोडला होता. परक्या मुलखात, परक्यांच्या बांधावर पाणी मागितलं की लोक गुरांच्या हौदाकडं बोट दाखवत. तेव्हा तिनं मनाशी एक गाठ मारली होती, की आपल्या दारात आलेल्याला घाण पाणी द्यायचं नाही. घरी सासूनं त्या गाठीवर आणखी दोन गाठी मारल्या होत्या. पाव्हण्याच्या तांब्यात एकदा गवताची काडी निघाली तर मनकर्णाबाईनं आठ दिवस सुनेच्या माहेराचा उद्धार केला होता.

कडूबाईनं पोहरा विहिरीत उपडा केला, मागच्या दारानं घरात शिरली, बाटली दोनदा खळाळली आणि निळ्या जारमधून भरली. पाणी गाळून विकणाऱ्या प्लांटवरून टेम्पोनं येणारा वीस लिटरचा जार, कालचाच. झाकण घट्ट लावलं. पदरानं बाटली पुसली.

दीपानं डोळे उघडून बाटली पेटीत ठेवली आणि त्याच जारचं दोन पेले पाणी प्याली. म्हणजे चौदाव्या विहिरीचा नमुना तिनं जागेवरच तपासला म्हणायचा.

आता पुंजाराम हंडे घेऊन उभा होता.

"पानी नेऊ नका," कडूबाई म्हणाली. "हिरीत साप पडलाय."

"कागदावर साप न्हाई."

त्यानं स्वतःच पोहरा ओढला, ओंजळभर तोंडात घेतलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले. पण सरकारचा कागद त्यानं चष्मा लावून वाचला होता.

"दवाई टाकल्यावानी लागतंय," तो घोट गिळून म्हणाला. "सुद्द पानी असंच असतं. आपल्याला सवय न्हाई."

तो दोन्ही हंडे भरून निघाला. कडूबाईला वाटलं, पंप येणार नाही, जन्मभर जारचं पाणी विकत घ्यावं लागेल, हे सगळं परवडलं. पण पुंजारामच्या घरात तीन नातवंडं. ती धावत गेली आणि भर रस्त्यात दोन्ही हंडे पालथे केले.

पुंजारामनं रिकामे हंडे उचलले. "हिरवी शाई काय लागली, बाईला पान्याचा माज आला," असं तो संध्याकाळपर्यंत चौदा घरांत सांगून आला.

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं विहिरीवर बाभळीच्या काट्यांचा फास टाकला आणि पोहरा घरात नेऊन कणगीमागं लपवला. गावानं त्याचा सरळ अर्थ काढला. असं पाणी कोण सोडतंय.

इकडं कागद पुढं चालला होता. कागदाला पाय फुटले की त्याला कुणी थांबवत नाही. चौदाव्या विहिरीच्या पाण्यात क्षार इतके कमी होते, की नगर तालुक्यात तसं पाणी फक्त जारमध्ये सापडतं. शुचिर्भूत कंपनीत त्यावर बैठक झाली. जारचा विचार कुणाला सुचला नाही. विहिरीखाली वेगळ्या जातीचा खडक असावा असं ठरलं, आणि एका तज्ज्ञानं त्या खडकावर लेखही लिहायला घेतला. शेवटी असा निर्णय झाला की ही विहीर नमुन्याची धरावी. उरलेल्या तेरा विहिरी हिच्याइतक्या शुद्ध झाल्या की काम संपलं. कंपनीला हा निर्णय फार आवडला. त्या हिशेबानं काम कंपनीच्या नातवंडांपर्यंत पुरलं असतं.

सरपंच आबासाहेबानं लगोलग पत्र्याचा फलक रंगवून आणला. 'मनकर्णा आदर्श विहीर'. खाली स्वतःचं नाव, विहिरीच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं.

फलक लागला त्या दिवशी दीपा आली. आता तिच्या गळ्यात ओळखपत्राची नवी दोरी होती.

"मावशी, साहेबांनी शाबासकी दिली. एवढा शुद्ध नमुना कंपनीत कुणी आणला नव्हता म्हणे."

कडूबाईनं तिला आत नेलं, जारकडं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. दीपा हळूच पाटावर बसली.

"मावशी, नियम होता की मीच भरायचं."

"व्हय, तू म्हनली हुतीस."

"मी झोपले होते हे कळलं तर मला काढतील. कायम व्हायला महिनाच राहिलाय. घरी पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन..." मग म्हणाली, "पण मी सांगते. सांगायलाच पाहिजे. तुमच्या विहिरीला पंप बसायला पाहिजे."

"तू तोंड उघडायचं न्हाई," कडूबाई म्हणाली. "बाटली मी भरली. तोंड बी मीच उघडीन, तवा उघडीन."

पोर गेली. ओट्यावरून कानिफनाथनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी कसं," तो म्हणाला, "खरं बोललं तर पोरगी जाती, खोटं बोललं तर हीर जाती. अन् गप बसलं तर आबासाहेब निवडून येतो."

"तुमी गपच बसा."

"मी तेच करतोय. चाळीस वर्सं."

मेच्या अखेरीला मोठे सरकारी साहेब आदर्श विहीर बघायला आले. मुंबईहून. अंगणात मांडव, खुर्च्यांना पांढरे झगे, हार, नारळ, फोटोवाला. विहिरीत मात्र कुणी डोकावलं नाही. अहवाल हातात असताना विहिरीत डोकावणं बरं दिसत नाही. आबासाहेबानं भाषण केलं. त्यात पाण्याचा उल्लेख दोनदा आणि स्वतःच्या नेतृत्वाचा सातदा आला. दीपा मागं फायली छातीशी धरून उभी होती.

साहेब सभ्य गृहस्थ होते. घाम पुसत म्हणाले, "आजी, तुमच्या या विहिरीचं ताजं पाणी द्या बघू पेलाभर. फोटोही होईल."

कडूबाई उठली. आबासाहेब तिच्यामागं स्वयंपाकघरापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, जारचंच आन."

कडूबाईनं वळून पाहिलं.

"तुला ठावं हाय?"

"मला नाक न्हाई व्हय? पर हिरीमुळं आदर्श गावाची योजना येतीय. रस्ता व्हतोय. जारचं आन अन् हास."

कडूबाईनं कपाटातले फुलांच्या नक्षीचे काचेचे दोन पेले काढले. पाव्हण्यांचे. एक जारमधून भरला आणि हातात धरून उभी राहिली. हा पेला बाहेर गेला, साहेब प्याले, फोटो निघाला, की विहीर आदर्श झाली कायमची. पंप नाही, कोळशाची टाकी नाही. सासूची विहीर हिरव्या शाईत सडत राहणार. आणि विहिरीचं पाणी नेऊन द्यावं, तर दारातल्या पाव्हण्याला आपल्या हातानं ते पाजायचं. सासूनं वरून खाली येऊन माहेर काढलं असतं.

तिनं कणगीमागचा पोहरा काढला आणि मागच्या दारानं विहिरीकडं गेली.

मांडवात ती आली तेव्हा ताटात दोन पेले होते. एक पांढराशुभ्र, एक पिवळा.

साहेबांचा चेहरा खुलला. "अरे वा, सरबतसुद्धा केलंत?" आणि त्यांनी पिवळ्या पेल्याला हात घातला.

कडूबाईनं ताट मागं ओढलं. "त्याला हात लावू नका. ते हिरीचं हाय."

"आणि हे पांढरं?"

"ते जारचं. तुमच्या कागदावर हिरव्या शाईत हाय ते."

फोटोवाल्यानं सवयीनं एक फोटो काढला. मग कॅमेरा खाली केला. आबासाहेब हसत म्हणाला, "काकूचं वय झालंय," पण त्याच्या बाजूनं कुणी हसलं नाही.

"सर, ती चूक..." दीपा पुढं आली.

"तू गप," कडूबाई म्हणाली. "साहेब, पोरगी नियम सांगत हुती. मी हाताची दांडगी. ऊस तोडलेला हात हाय. बाटली हिसकली अन् जारमदून भरून दिली. तिला दिसलं बी न्हाई." आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढं सफाईनं खोटं बोलली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"पण का? तुमचंच नुकसान झालं ना यात."

"दारात पाव्हनं आलं की घान पानी देयाचं न्हाई, अशी आमची रीत. त्यात बाटलीवर माजं नाव."

"मग आज का आणलंत ते?"

"आज तुमी पेयाला मागितलं," कडूबाई म्हणाली. "तवा नुसतं बघायला मागितलं हुतं. बघायला चांगलंच दावतो आपन. समदं गाव तेच करतंय." तिनं आबासाहेबाकडं पाहिलं नाही, पण मांडवातल्या बाकी सगळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी पिवळा पेला नाकाशी नेला आणि तितक्याच तातडीनं परत ठेवला. मग पांढरा पेला एका दमात रिकामा केला. नोकरीत त्यांनी अहवालाशिवाय घेतलेला तो पहिला निर्णय असावा.

"ह्या हिरीचं पानी पिऊन मी दोन हंडे घरी नेत हुतो," मागून पुंजारामचा आवाज आला. "ह्या बाईनं रस्त्यात पालथे केले. माज हाय म्हनलो मी." मग म्हणाला, "हंड्याला पोचा पडलाय तेवढा."

पुढं कचेरीच्या रीतीनं सगळं झालं. फायलीत शेरा पडला: 'विहीर क्रमांक चौदाचा नमुना स्वच्छ पाण्यामुळे दूषित झाल्याने रद्द.' तज्ज्ञानं लेख मागं घेतला आणि विहिरीखालचा खडक पुन्हा होता तसा झाला. दीपाला नोटीस द्यावी की काढावं यावर कंपनीत विचार झाला, पण काढायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहिलं तर बैठक, खडक आणि आदर्श फलक सगळंच लिहावं लागणार. म्हणून तिला कायम केलं. फलक सध्या पुंजारामच्या शेळ्यांवर सावली करतो.

पंधरा दिवसांनी दीपा नवा नमुना घ्यायला आली. या वेळी लिंबाखाली कडूबाई बसली. दीपानंच तिला दरडावून बसवलं. फास बाजूला केला, पोहरा स्वतः सोडला, स्वतः ओढला, आणि बाटली गळ्यापर्यंत भरून उन्हात धरली. बाटली तपकिरी असूनसुद्धा आतलं पिवळं कळत होतं. कडूबाईनं मान फिरवली.

"मावशी, चहा ठेवा. पण मी इथून हलेपर्यंत नाही."

"ठिवते. जारचा."

दीपानं चिठ्ठी काढली, पेन उघडलं आणि लिहायला लागली. कडूबाई एकदम उठून जवळ आली.

"माजं नाव घालू नगंस."

"मावशी, नाव तर लागतं. मालकाचं."

कडूबाईनं क्षणभर विहिरीकडं पाहिलं.

"मग मनकर्णा लिव्ह. हीर तिचीच हाय. अन् ती मेलीय, तिला काय लाज."

दीपानं तसं लिहिलं, पुढं कंसात कडूबाईचं नाव बारीक अक्षरात घातलं, आणि बाटली पेटीत ठेवायला वाकली. कडूबाईनं तिच्या हातातून बाटली घेतली. दीपा झटकन सरळ झाली. पण कडूबाईनं फक्त पदराचं टोक धरून बाटली बाहेरून लख्ख पुसली आणि परत दिली.

"पुन्याला जायची हाय," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.